‘लिहायला बसणे’ आणि ‘लिहायला घेणे’

निबंधाचा विषय फळ्यावर येताच वर्गातील बहुतेक मुले लिहू लागतात. एखादे मूल मात्र वही उघडून, पेन हाती धरून तसेच बसून राहते. ‘आळशी’, ‘टाळाटाळ करतो’ असा शेरा त्याच्या नावापुढे पडतो. हा शेरा वर्णन नसून निर्णय आहे, आणि तो पुरेशा परीक्षणावाचून दिला जातो, हे दाखविणे एवढाच प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

कार्यारंभ ही एकच घटना आहे, असे आपण गृहीत धरतो. मराठीच्या प्रयोगांत मात्र तिचे तीन टप्पे वेगळे दिसतात. ‘लिहायला बसणे’ यात शरीराची सिद्धता आहे, ‘लिहायला घेणे’ यात कर्त्याचा संकल्प आहे आणि ‘लिहू लागणे’ यात क्रियेची प्रत्यक्ष प्रवृत्ती आहे. प्रमाण मराठीत पाऊस ‘पडू लागतो’, पण ‘पडायला घेत’ नाही. ‘घेणे’ या क्रियापदाला इच्छावान कर्ता तर हवाच. शिवाय हाती घेता येईल असे काहीतरी समोर असावे लागते. आपले अडलेले मूल बसलेले आहे. त्याला घेता येत नाही, कारण ‘निबंध लिहा’ या एका आज्ञेत आठवणे, निवडणे, क्रम लावणे आणि पहिले वाक्य जुळविणे या चार क्रिया दडलेल्या आहेत.

व्हिगोट्स्की यांच्या ‘विचार आणि भाषा’ (1934) या ग्रंथातील एक निरीक्षण येथे महत्त्वाचे ठरते. चित्र काढताना हवी ती रंगीत पेन्सिल मिळू नये, अशा अडचणी त्यांनी मुद्दाम निर्माण केल्या. तेव्हा मुलांचे स्वतःशी बोलणे जवळजवळ दुपटीने वाढले. त्यांच्या मते हे बोलणे निरर्थक बडबड नसून कार्याची आखणी असते. आपल्या वर्गात मात्र ‘तोंड बंद, लिहायला लागा’ अशी आज्ञा ऐकू येते. जे साधन मुलाला कार्यारंभाकडे नेऊ शकेल, तेच ही आज्ञा काढून घेते.

भाषेच्या या नियामक सामर्थ्यावर ल्यूरिया यांनी अधिक भर दिला. 1961 साली इंग्रजीत प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या व्याख्यानांत, दिवा लागताच रबरी फुगा दाबण्याचे लहान मुलांवरील प्रयोग आहेत. परंतु मिलर, शेल्टन आणि फ्लॅवेल यांना 1970 मध्ये त्या निष्कर्षांची पुष्टी मिळाली नाही. तेव्हा स्वतःला दिलेली आज्ञा कृती घडवितेच, असा सरसकट सिद्धान्त मांडता येणार नाही. शिवाय अवधानाची न्यूनता, वाचनातील अडचण, चुकण्याचे भय अशी कारणे केवळ भाषेने दूर होणारी नाहीत. तेथे तज्ज्ञांचे साहाय्य घेतलेच पाहिजे.

एवढ्या मर्यादा मान्य करूनही मूळ मुद्दा शिल्लक राहतो. ‘लवकर लिही’ असे म्हणण्याऐवजी ‘पहिले वाक्य कशाविषयी लिहिशील, ते मला हळूच सांग’ असे शिक्षकाने म्हटले, तर मुलाला हाती घेण्याजोगे काही मिळते, आणि ते कोठे अडले आहे हे शिक्षकालाही कळते. त्यानंतर शेरा लिहावयाचाच असेल, तर ‘आळशी’ या विशेषणाऐवजी ‘लिहायला बसतो, पण घेता येत नाही’ असे वाक्य लिहावे. विशेषण मुलाला चिकटून राहते. वाक्य शिक्षकाला पुढचे काम सुचविते.