आपणच आपले आप्त?

मंडळी, 'ऑनलाइन प्रोफाइल' या विषयावर बोलायला तत्त्वज्ञानाचा निवृत्त प्राध्यापक कशाला बोलावला, असं तुमच्यापैकी काहींच्या मनात आलं असेल. प्रोफाइल कसं बनवावं हे सांगणारे व्हिडिओ तुमच्या फोनवर हवे तेवढे आहेत. मी ते शिकवणार नाही. मी प्रोफाइल वाचणार आहे, एखादं आत्मचरित्र वाचावं तसं. हा लेखनप्रकार कुठे खरा आहे आणि कुठे खोटा, एवढंच बघायचं आहे. कारण आज वर्तकनगरातली 22-23 वर्षांची मुलं स्वतःबद्दल पहिल्यांदा सलग काही लिहितात ते डायरीत नाही, लिंक्डइनवर लिहितात. आणि ते लिहितात पोटासाठी. म्हणून त्याची थट्टा करून भागणार नाही.

आधी या प्रकाराचे नियम. लिंक्डइन 2003 च्या मे महिन्यात सुरू झालं. 2016 मध्ये मायक्रोसॉफ्टनं ते 26 अब्ज डॉलरहून जास्त मोजून विकत घेतलं. त्यात तुमच्या नावाखाली एक मथळा असतो, तो 220 अक्षरांत बसवायचा. 'अबाऊट', म्हणजे स्वतःविषयीचा मजकूर, 2600 अक्षरांत. मर्यादा असणं वाईट नाही, ओवीलाही असते. बिघडतं ते पुढे. कुठलीही वीस प्रोफाइलं लागोपाठ वाचून बघा. 'पॅशनेट', 'डायनॅमिक', 'रिझल्ट-ड्रिव्हन', 'टीम प्लेअर'. आता एक साधी कसोटी लावा. 'मला कामात रस नाही, मी निरुत्साही आहे, मला कोणाबरोबर जुळवून घेता येत नाही' असं कोणी लिहील का? ज्या विधानाच्या उलट विधान कोणी कधी करणारच नाही, ते विधान काहीच सांगत नाही. तर्कशास्त्राच्या पहिल्या वर्षाला हे शिकवतात.

मग मुलं असं का लिहितात? गर्वानं लिहितात असं मला वाटत नाही. उलट आहे. आपल्याकडे स्वतःबद्दल चांगलं बोलायची सवयच नाही. दासबोधाच्या दुसऱ्या दशकातला पहिला समास मूर्खलक्षणांचा आहे. त्यात स्वतःची स्तुती करणारा आहे, वाडवडिलांची कीर्ती सांगणाराही आहे. ज्या घरात समर्थ कोणी वाचले नाहीत त्या घरातही हे वळण उतरलेलं असतं. 'आपण कशाला सांगायचं, लोक सांगतील' हे वाक्य आपण प्रत्येकानं ऐकलेलं आहे. अशा घरातल्या मुलाला एक दिवस सांगायचं, स्वतःची स्तुती कर, आणि ती इंग्रजीत कर. तो काय करणार? लग्नाला भाड्यानं शेरवानी आणतात तशी विशेषणं भाड्यानं आणतो. ती कोणाच्याच मापाची नसतात.

2021 च्या डिसेंबरात लिंक्डइन हिंदीत आलं, पुढे मराठीतही आलं. पण मराठी झाली ती बटणं. बटणांच्या मधला मजकूर इंग्रजीच राहिला, कारण पलीकडे बसलेला भरती करणारा इंग्रजी शब्द टाकून शोधतो. इथे मला एका गोष्टीची बाजू घ्यायची आहे. 'योग्य कीवर्ड टाका' या सल्ल्याची टिंगल होते. मला तो सल्ला पटतो. पुस्तकाला शेवटी सूची असते, तिच्यावरून पान सापडतं. वागळे इस्टेटमधल्या आयटीआयतून फिटरचा ट्रेड केलेल्या मुलानं 'फिटर' हा शब्द लिहिला नाही, तर तो शोधात येणारच नाही. सूची जरूर करा, तिच्यासाठी 'स्किल्स' नावाची वेगळी जागा आहे. पण सूची म्हणजे पुस्तक नव्हे. सगळं प्रोफाइलच सूचीच्या भाषेत लिहिलं की आत माणूस उरत नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. प्रोफाइल हे ज्ञानाचं कुठलं साधन आहे? न्यायदर्शन चार प्रमाणं मानतं: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. भरती करणाऱ्यानं तुम्हाला काम करताना पाहिलेलं नाही, म्हणजे प्रत्यक्ष नाही. प्रोफाइल शब्दप्रमाणात मोडतं. आणि नैयायिक म्हणतात, शब्द प्रमाण ठरतो तो आप्ताचा. आप्त म्हणजे इथे नातेवाईक नव्हे, विश्वसनीय सांगणारा. वात्स्यायनानं न्यायभाष्यात त्याची लक्षणं दिली आहेत. त्यानं ती गोष्ट स्वतः साक्षात जाणलेली असावी, आणि जशी जाणली तशी सांगायची त्याची इच्छा असावी. अर्थात ती सांगण्याची क्षमताही हवी.

या कसोटीवर प्रोफाइल लिहिणारा कुठे बसतो? स्वतःचं काम त्याच्याइतकं जवळून कोणी पाहिलेलं नाही. पहिली अट पूर्ण. पण 'जशी आहे तशी सांगण्याची इच्छा'? ज्याला नोकरी हवी आहे, घरभाडं द्यायचं आहे, त्याच्याकडून ती अपेक्षा करणंच अन्यायाचं आहे. म्हणजे हा लेखनप्रकार ज्याच्याकडून साक्ष मागतो, तो आपल्याच खटल्यातला पक्षकार आहे. कोर्टात पक्षकाराची साक्ष घेतात, पण सहसा केवळ त्याच्यावर निकाल देत नाहीत.

लिंक्डइनच्या रचनाकारांना हे कळलं नव्हतं असं नाही. त्यांनी दुसऱ्यांच्या साक्षीच्या दोन सोयी केल्या. एक 'एन्डॉर्समेंट', 2012 साली आलेली. तुमच्या कौशल्याच्या नावावर कोणीही ओळखीचा एक क्लिक करतो आणि आकडा वाढतो. तुमचं काम त्यानं पाहिलंय का? बहुतेक वेळा नाही. तुम्ही त्याला क्लिक केलंत, त्यानं तुम्हाला केलं, लग्नातल्या आहेरासारखं. वात्स्यायनाची पहिलीच अट इथे मोडते. दुसरी सोय 'रेकमेंडेशन'. ज्यानं तुमच्याबरोबर काम केलं तो आपल्या नावानिशी चार ओळी लिहितो. न्यायशास्त्राच्या दृष्टीनं संपूर्ण प्रोफाइलमध्ये खरं शब्दप्रमाण हे एवढंच. आणि मी पाहिलेल्या प्रोफाइलांत बहुतेक ठिकाणी हीच जागा रिकामी होती. का? कारण क्लिक मागावं लागत नाही, चार ओळी मागाव्या लागतात. कोणासमोर तरी तोंड वेंगाडावं लागतं. विशेषणं भाड्यानं मिळतात, साक्षीदार मिळत नाही.

इथे कोणी म्हणेल, सर, म्हणजे तुम्ही जुन्या ओळखीपाळखीचीच तरफदारी करताय. नाही. हा भाग नीट बघायला हवा, आणि तो आपल्या आसपासच बघता येतो. पोखरण रोडला रेमंडची गिरणी होती, कॅडबरी होती. पलीकडे वागळे इस्टेट, 1962 साली स्थापन झालेल्या एमआयडीसीच्या अगदी सुरुवातीच्या वसाहतींपैकी. तिथे कोणी प्रोफाइल लिहून लागत नव्हतं. आत असलेला कोणी तरी 'आमचा पोरगा आहे' म्हणायचा. मुंबईच्या गिरण्यांत तर हे काम जॉबरच्या हातात होतं. तो आपल्या गावचे, आपल्या जातीचे लोक भरायचा आणि वर दस्तुरी घ्यायचा. साक्षीदार होता, पण त्याची साक्ष विकत मिळायची, आणि ठरावीक लोकांसाठीच मिळायची. ज्याच्या घरातला कोणी आत नव्हता तो फाटकाबाहेरच.

स्वातंत्र्यानंतर सरकारनं यावर उपाय केला. 1959 चा कायदा आला, रिकाम्या जागा सेवायोजन कार्यालयाला कळवणं मालकांवर बंधनकारक झालं. आमच्या पिढीनं एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजचं कार्ड जपून ठेवलं, वेळच्या वेळी नूतनीकरण केलं, रांगा लावल्या. पण कायद्यात एक मेख होती. जागा कळवायची, माणूस तिथूनच घ्यायचा असं बंधन नव्हतं. कार्ड जुनं होत गेलं. मग इंटरनेट आलं, 1997 मध्ये नोकरी डॉट कॉम आलं, पुढे लिंक्डइन. दर वेळी आश्वासन तेच: मधला माणूस गेला, आता तुम्ही आणि तुमची गुणवत्ता.

हे आश्वासन तपासलं गेलेलं आहे. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांचा अभ्यास 2007 साली 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त आला. खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना त्यांनी हजारो अर्ज पाठवले. पात्रता सारखी, नावं वेगळी. मुलाखतीचं बोलावणं येण्याची शक्यता सवर्ण हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला सुमारे दोन तृतीयांश, मुस्लिम नावाला सुमारे एक तृतीयांश निघाली. त्याच वर्षी सुरिंदर जोधका आणि कॅथरिन न्यूमन यांनी मनुष्यबळ अधिकाऱ्यांच्या मुलाखतींवर लिहिलं. हे अधिकारी गुणवत्तेबद्दल भरभरून बोलतात आणि त्याच दमात उमेदवाराची 'कौटुंबिक पार्श्वभूमी' किती महत्त्वाची तेही सांगतात. हा अभ्यास लिंक्डइनचा नाही, पण प्रोफाइलमध्ये सगळ्यात वर, सगळ्यात मोठ्या अक्षरात काय असतं? आडनाव. शेजारी फोटो. 2600 अक्षरांवर मुलानं रात्री जागवल्या, आणि पलीकडच्यानं वाचली पहिली दहा.

मला इथे पुन्हा वात्स्यायन आठवतो. आप्ताचं लक्षण सांगून झाल्यावर तो म्हणतो की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सगळ्यांना सारखंच लागू आहे. दीड हजार वर्षांपूर्वीचा ग्रंथ आहे. सांगणारा कोण हे बघू नका, त्याला ते माहीत आहे का हे बघा. प्रोफाइलवरच्या कार्यशाळा मात्र लिहिणाऱ्यांसाठीच भरतात. वाचणाऱ्यांसाठी भरलेली मी अजून पाहिलेली नाही. आणि याचा एक परिणाम फार वाईट होतो. नोकरी मिळाली नाही की दोष मथळ्यात शोधला जातो, फोटोत शोधला जातो, आणि मुलगा बिचारा पुन्हा विशेषणं बदलत बसतो.

बायकांचं उदाहरण घ्या. 2022 मध्ये लिंक्डइननं 'करिअर ब्रेक' दाखवायची सोय केली. हेतू चांगला, लपवाछपवी नको. पण शब्द बघा. सासूबाईंचं आजारपण, दोन बाळंतपणं, मुलांच्या शाळा, आणि या सगळ्याचं नाव 'ब्रेक'! इथल्या एखाद्या बाईनं त्याखाली दोन सरळ वाक्यं लिहावीत, काय केलं आणि किती वर्षं. ती 'डायनॅमिक'पेक्षा जास्त वजनदार ठरतील, वाचणाऱ्याला वाचता येत असेल तर.

आणखी एक सांगतो, हे उपयोगी आहे. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी 1973 मध्ये मांडलं होतं की नोकरीची बातमी जिवलगांकडून कमी आणि लांबच्या ओळखीतून जास्त येते. 2022 च्या 'सायन्स' नियतकालिकात लिंक्डइनच्या 2 कोटींहून जास्त वापरकर्त्यांवर पाच वर्षं केलेला प्रयोग छापून आला, आणि निष्कर्ष साधारण त्याच दिशेचा निघाला. फार घट्टही नाहीत आणि अगदी नावापुरत्याही नाहीत, अशा मधल्या ओळखी नोकरी बदलायला जास्त उपयोगी पडतात. (त्या लोकांना आपण प्रयोगात आहोत हे माहीत नव्हतं, हा निराळा विषय, त्यावर एक व्याख्यान होईल.) म्हणजे कंपनीच्याच आकडेवारीनं सांगितलं की दार माणसं उघडतात. जुन्या कारखान्यात हेच होतं, फरक इतकाच की तेव्हा ती ओळख जन्मानं मिळायची. आता ती मिळवता येते, निदान थोडी तरी.

म्हणून विद्यार्थी विचारतात तेव्हा मी एवढंच सांगतो. 'अबाऊट'मधली विशेषणं खोडा आणि क्रियापदं ठेवा: कुठलं मशीन चालवलं, किती जणांच्या पाळीवर होतात, काय बिघडलं होतं आणि ते कसं दुरुस्त झालं. मग ज्या सुपरवायझरनं ते पाहिलं त्याला फोन करा. मेसेज नको, फोन. 'सर, तुम्ही जे पाहिलंत तेवढंच चार ओळींत लिहा' म्हणा. मराठीत लिहिलं तरी चालेल. आणि फोटोभोवतीचं ते हिरवं 'ओपन टू वर्क'चं कडं लावताना सांभाळा. फक्त भरती करणाऱ्यांना दिसेल असा पर्याय आहे, पण सध्याच्या कंपनीला ते कळणारच नाही अशी हमी लिंक्डइन स्वतः देत नाही.

तुमच्यापैकी दोघा-तिघांनी आपली प्रोफाइलं छापून आणली आहेत असं दिसतंय. द्या इकडे, नाव झाकून वाचू या.