रिकॉल मागताना आपण नेमकं मोजतोय काय?

सिनॉप्सिस घेऊन गेलं की गाईड पहिला प्रश्न विचारतात, "तू जे मोजणार म्हणतोस, ते या पद्धतीनं मोजलं जातं का?" मित्रांनो, तोच प्रश्न आज लॅबच्या बाहेर नेऊ. आमदार-खासदाराच्या सचोटीवर शंका आली तर मतदारांना त्याला मुदतीआधी परत बोलावता यावं, या मागणीला तो लावून बघू.

आमच्या हिंगोली जिल्ह्यात हा विषय पुस्तकी नाही. कळमनुरीचे शिवसेना आमदार संतोष बांगर यांनी ३ जुलै २०२२ ला विधानसभा अध्यक्षाच्या निवडणुकीत ठाकरे गटाच्या उमेदवाराला मत दिलं आणि दुसऱ्याच दिवशी विश्वासदर्शक ठरावावर शिंदे सरकारला. त्या आठवड्यात टपरीवर एकच वाक्य चालू होतं, "रिकॉल असता तर घरी बसवला असता." मीही तावातावानं तेच म्हणायचो.

आता हे वाक्य तपासू. वरुण गांधींच्या २०१६ च्या खासगी विधेयकात पहिली पायरी होती ती मतदारसंघातल्या एक चतुर्थांश मतदारांच्या सह्यांची. सोयीसाठी आकडे धरू, हे कुठल्याही खऱ्या मतदारसंघाचे नाहीत. मतदार ३ लाख, मतदान १ लाख ९५ हजार, तिरंगी लढत, विजयी उमेदवाराला ८० हजार. म्हणजे १ लाख १५ हजार लोकांनी त्याला पहिल्या दिवसापासूनच नाकारलंय. सह्या लागतात ७५ हजार. त्याच्या एकाही मतदाराचं मन न बदलता, त्यानं एकही गैरकृत्य न करता सह्या पूर्ण होतात! पुढे मतदान असलं तरी तुम्ही आधी कुणाला मत दिलं होतं, हे मतपत्रिका विचारत नाही.

म्हणजे यंत्र सचोटी मोजत नाही, विरोधकांची संघटना मोजते. रक्तातली साखर बघायची आणि हातात थर्मामीटर, असला प्रकार. उलटंही होईल. लोकप्रिय नेत्यावर गंभीर ठपका आला तरी सह्या जमणार नाहीत.

ब्रिटनच्या २०१५ च्या कायद्यानं ही दोन मापं वेगळी केली. आधी दोष ठरावा लागतो : कोर्टाकडून कैदेची शिक्षा, खर्चाचे खोटे दावे केल्याची शिक्षा किंवा सभागृहातून ठरावीक दिवसांचं निलंबन. त्यानंतर सहा आठवड्यांत १० टक्के सह्या. २०१८ मध्ये नॉर्थ अँट्रिममध्ये इयन पेस्लींविरुद्ध ९.४ टक्केच झाल्या आणि त्यांची जागा वाचली. मला ही रचना जास्त पटते, पण कळमनुरीला ती लागू पडत नाही. गट बदलणं हा काही फौजदारी गुन्हा नव्हे.

आपल्याकडेही दोन पायऱ्यांची पद्धत आहे, गावात. थेट निवडून आलेल्या सरपंचावर पहिली दोन वर्षं अविश्वास आणता येत नाही. नंतर तीन चतुर्थांश सदस्यांनी ठराव मंजूर केला तरी ग्रामसभेत गुप्त मतदानानं शिक्कामोर्तब लागतं. शेवटचा शब्द गावाचा, हे चांगलंच. पण पहिल्या पायरीवर दोष तपासणारं कुणी नाही, सदस्यांचं गणित जमलं की झालं. गावकीची भांडणं ज्यांनी पाहिलीत त्यांना जास्त सांगायला नको.

मग कळमनुरीच्या मतदारानं करायचं काय? पक्षांतराचा दोष ठरवणारी यंत्रणा दहाव्या परिशिष्टात आहेच, फक्त निकाल अध्यक्षांच्या हातात. सुप्रीम कोर्टानं २०२० मध्ये मणिपूरच्या प्रकरणात सांगितलं होतं की अपवाद सोडता तीन महिन्यांत निर्णय व्हावा. शिवसेनेच्या दोन्ही गटांच्या याचिकांवर निकाल आला १० जानेवारी २०२४ ला, बंडानंतर दीड वर्षानं, आणि अपात्र कुणीच ठरलं नाही. निकाल बरोबर की चूक, हा वेगळा वाद. पण ज्याला दीड वर्ष ताटकळत ठेवलं, तो मतदार रिकॉल मागणारच. त्याचा राग खरा आहे, उपाय चुकीच्या जागी लावलाय.

२०२४ च्या निवडणुकीत बांगर पुन्हा निवडून आले. "बघा, लोकांनी माफ केलं," असं माझा रूममेट लगेच म्हणाला. तेही घाईचंच. अडीच वर्षांत पक्ष, आघाड्या, मुद्दे सगळंच बदललेलं, आणि तुलनेला दुसरी कळमनुरी कुठून आणणार? यावर कुणाला सिनॉप्सिस करायचा असेल तर "रिकॉल हवा का" हा प्रश्न घेऊ नका. देशभरातल्या अपात्रतेच्या याचिकांना निकालापर्यंत किती दिवस लागले, त्याचा तक्ता करून बघा.