घटत्या ख्रिस्ती मंडळ्यांचे आत्मपरीक्षण : मॅकगॅव्हरन आणि न्यूबिगिन यांच्या निकषांची चिकित्सा

प्रास्ताविक

इंग्लंड आणि वेल्समध्ये स्वतःची नोंद ख्रिस्ती म्हणून करणाऱ्यांचे प्रमाण २००१ च्या जनगणनेत ७१.७ टक्के होते. २०११ मध्ये ते ५९.३ टक्के, तर २०२१ मध्ये ४६.२ टक्के झाले. अमेरिकेत गॅलप संस्थेच्या पाहणीनुसार १९९९ मध्ये ७० टक्के प्रौढ व्यक्ती कोणत्या ना कोणत्या उपासनागृहाच्या सभासद होत्या. २०२० मध्ये हे प्रमाण ४७ टक्क्यांवर आले. या आकड्यांचा अन्वयार्थ धर्माचे समाजशास्त्र अनेक प्रकारे लावते. परंतु ज्या मंडळीत रविवारच्या उपासनेला मोजके वृद्ध सभासद उरले आहेत, तिच्यापुढील प्रश्न अगदी व्यावहारिक असतो : ही मंडळी चालू ठेवावी काय, आणि ठेवावयाची तर कशासाठी? येथे ‘मंडळी’ ही संज्ञा मराठी प्रॉटेस्टंट परंपरेतील अर्थाने, म्हणजे एका ठिकाणी नियमित उपासनेस जमणारा श्रद्धावंतांचा समुदाय या अर्थाने योजली आहे.

अशा मंडळ्यांना आत्मपरीक्षणास साहाय्य करणारे विपुल लेखन इंग्रजीत गेल्या काही दशकांत झाले आहे. त्यातील तीन ग्रंथांचा परामर्श घेऊन, त्यांच्या मागे उभ्या असलेल्या दोन परस्परविरोधी निकषांची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. विशेष म्हणजे हे निकष मांडणाऱ्या डोनाल्ड मॅकगॅव्हरन आणि लेस्ली न्यूबिगिन या दोघांचीही वैचारिक जडणघडण भारतात झाली.

आत्मपरीक्षणाची तीन साधने

जर्मन लेखक ख्रिश्चन श्वार्त्झ यांच्या ‘नॅचरल चर्च डेव्हलपमेंट’ (१९९६) या ग्रंथात निरोगी मंडळीची आठ गुणवैशिष्ट्ये सांगितली आहेत. त्यांची प्रतिमा लाकडी पिंपाची आहे. पिंपाची सर्वांत आखूड फळी जेवढी उंच, तेवढेच पाणी त्यात राहते. म्हणून मंडळीने आपला सर्वांत दुबळा गुण आधी ओळखावा, असे त्यांचे प्रतिपादन आहे. इंग्लंडमधील रॉबर्ट वॉरन यांनी ‘द हेल्दी चर्चेस हँडबुक’ (२००४) मध्ये डरहॅम धर्मप्रांतातील वाढत्या मंडळ्यांच्या अभ्यासातून सात लक्षणे मांडली. थोडी कामे करावीत पण ती चांगली करावीत, हे त्यांतील एक लक्षण थकलेल्या मंडळ्यांना दिलासा देणारे आहे. अमेरिकेतील थॉम रेनर यांनी ‘ऑटॉप्सी ऑफ अ डिसीज्ड चर्च’ (२०१४) या छोटेखानी पुस्तकात बंद पडलेल्या चौदा मंडळ्यांचे जणू शवविच्छेदन केले आहे. भूतकाळाचा गौरव, स्वतःवरच होणारा वाढता खर्च, वस्ती बदलली तरी न बदललेली मंडळी आणि आपल्या अस्तित्वाचे प्रयोजन सांगता न येणे, ही त्यांना आढळलेली कारणे आहेत.

या साधनांची उपयुक्तता नाकारता येणार नाही. ऱ्हासाची चर्चा करणेही जेथे अपराध मानले जाते, तेथे रेनर यांचे परखड निदान किंवा श्वार्त्झ यांची प्रश्नावली मौन मोडण्याचे काम करते. तथापि यांतील प्रत्येक प्रतिमा आपले उत्तर स्वतःबरोबर घेऊन येते. पिंप म्हटले की गळती बुजविणे आले, आणि आरोग्य म्हटले की दीर्घायुष्य हे उद्दिष्ट ठरले. दुसरी मर्यादा पद्धतीची आहे. श्वार्त्झ यांची प्रश्नावली पाळक आणि मंडळीच्या कार्यात सक्रिय असलेले तीस सभासद भरतात. जे सोडून गेले, जे शेजारी राहूनही कधी आत आले नाहीत, त्यांना काहीच विचारले जात नाही. मूल्यांकनाच्या निमित्ताने स्वयंमूल्यमापन अहवाल तयार करणाऱ्या महाविद्यालयीन क्षेत्राला ही अडचण अपरिचित नाही. सर्व रकाने प्रामाणिकपणे भरूनही संस्था कोणासाठी आहे, हा प्रश्न अनुत्तरित राहू शकतो.

मॅकगॅव्हरन : वाढीचा निकष

‘वाढ का होत नाही?’ हा प्रश्न पद्धतशीरपणे विचारण्याचे श्रेय मॅकगॅव्हरन यांच्याकडे जाते. त्यांचा जन्म १८९७ मध्ये मध्य प्रांतातील दमोह येथे मिशनरी कुटुंबात झाला. शाळा, दवाखाने, अनाथाश्रम यांवर वर्षानुवर्षे खर्च होऊनही मिशनच्या मंडळ्या जेमतेमच वाढतात, हे त्यांनी प्रत्यक्ष पाहिले. अल्प यशाचे समर्थन ‘आम्ही निष्ठेने काम करतो, फलप्राप्ती देवाच्या हाती’ अशा भाषेत होत असे. ही भाषा आळसाला आणि चुकीच्या पद्धतींना पांघरूण घालते, हा त्यांचा आक्षेप रास्त होता. बिशप पिकेट यांच्या भारतातील सामूहिक धर्मांतरांविषयीच्या अभ्यासाने (१९३३) त्यांना दिशा दिली. पुढे ‘द ब्रिजेस ऑफ गॉड’ (१९५५) आणि ‘अंडरस्टँडिंग चर्च ग्रोथ’ (१९७०) या ग्रंथांतून त्यांनी आपला सिद्धांत मांडला.

या सिद्धांतातील वादग्रस्त सूत्र ‘एकजिनसी गटा’चे आहे. वंश, भाषा वा वर्ग यांच्या सीमा न ओलांडता ख्रिस्ती होणे लोकांना आवडते. म्हणून मंडळ्या एकजिनसी गटांतून उभाराव्यात, असे ते सुचवितात. वर्णन म्हणून हे विधान बरेचसे खरे आहे. धोरण म्हणून ते स्वीकारले की मात्र पेच निर्माण होतो. जातींच्या वाटांनी लोक मंडळीत येतात, हे पाहून ज्या सूत्राचा उगम झाला, ते त्या जातींना मंडळीतच मुक्काम करू देते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी धर्मांतरितांच्या स्थितीविषयी केलेल्या, त्यांच्या निधनानंतर प्रकाशित झालेल्या लेखनात भारतीय ख्रिस्ती समाजात टिकून राहिलेल्या जातिभेदावर नेमके बोट ठेवले आहे. त्या टीकेच्या प्रकाशात पाहिल्यास, सभासदसंख्या वाढूनही मंडळीचे प्रयोजन हरवू शकते हे स्पष्ट होते.

न्यूबिगिन : साक्षीचा निकष

न्यूबिगिन १९३६ मध्ये मद्रास इलाख्यात आले, १९४७ मध्ये नव्याने स्थापन झालेल्या चर्च ऑफ साउथ इंडियाचे बिशप झाले आणि १९७४ मध्ये इंग्लंडला परतले. मायदेशात त्यांना सर्वाधिक जाणवला तो आशेचा अभाव. मद्रासच्या झोपडपट्टीतही उद्याविषयी जो विश्वास दिसे, तो त्यांना इंग्लंडमध्ये दिसेना. ‘द अदर साइड ऑफ १९८४’ (१९८३) या पुस्तिकेचा आरंभ याच अनुभवाने होतो.

त्यांच्या विचाराची कसोटी बर्मिंगहॅममधील विन्सन ग्रीन येथे लागली. कारागृहासमोरच्या या गरीब, स्थलांतरितांच्या वस्तीतील युनायटेड रिफॉर्म्ड चर्चची चिमुकली मंडळी बंद करण्याचा विचार चालू होता. सत्तरी ओलांडलेल्या न्यूबिगिन यांनी त्यास विरोध केला आणि १९८० मध्ये तिचे पाळकपद विनावेतन स्वीकारले. गरीब वस्त्या सोडून सुखवस्तू उपनगरांत स्थिरावणारी मंडळी आपले मिशनरीपण गमावते, अशी त्यांची भूमिका होती. ‘द गॉस्पेल इन अ प्लुरलिस्ट सोसायटी’ (१९८९) मध्ये हा विचार सैद्धांतिक रूपात येतो : शुभवर्तमानाचा अर्थ जगाला उलगडतो तो त्यावर विश्वास ठेवून जगणाऱ्या स्थानिक मंडळीतून. तत्पूर्वी ‘द ओपन सीक्रेट’ (१९७८) मध्ये त्यांनी मॅकगॅव्हरन यांच्या मताचा सविस्तर समाचार घेतला होता. संख्यावाढ आनंदाची खरी, परंतु नव्या करारात ती मंडळीच्या यशाची कसोटी म्हणून येत नाही, असा त्या विवेचनाचा रोख आहे.

तुलना आणि मूल्यमापन

विन्सन ग्रीनसारख्या मंडळीला केवळ वाढीचा निकष लावला असता, तर तिला टाळे लावणे हाच निर्णय तर्कशुद्ध ठरला असता. इमारत विकून आलेला पैसा जेथे सभासद लवकर मिळतील अशा ठिकाणी गुंतविता आला असता. येथेच या चर्चेतील खरा धोका दिसतो. संख्येचा निकष वरकरणी तटस्थ वाटला, तरी त्याचा भार सर्वप्रथम गरीब वस्त्यांवर पडतो. कारण तेथेच मंडळ्या लहान, वर्गणी तुटपुंजी आणि इमारती जुन्या असतात.

असे असले तरी न्यूबिगिन यांची भूमिकाही निर्दोष नाही. साक्षीचा निकष मोजता येत नाही. त्यामुळे ‘आम्ही संख्येने थोडे, पण निष्ठावंत’ असे म्हणून साचलेपणाचे उदात्तीकरण करण्यास तो सहज वापरता येतो. मॅकगॅव्हरन यांनी ज्यावर प्रहार केला ते समर्थन मागील दाराने परत येते. शिवाय न्यूबिगिन यांच्यासारखा अनुभवी पाळक प्रत्येक वस्तीला मिळणार नाही. सामान्य मंडळीने सोमवारी सकाळी काय करावे, याचे उत्तर त्यांच्या लेखनात पुरेसे मिळत नाही. ते श्वार्त्झ आणि वॉरन यांच्याकडे काही अंशी मिळते.

म्हणून दोन्ही निकषांचा क्रम ठरविणे आवश्यक आहे. घटती संख्या हे चौकशीचे निमित्त मानावे; तिला निकालपत्र समजू नये. चौकशीचा पहिला प्रश्न वस्तीचा असावा : ही मंडळी उद्या नसेल, तर सभासदांव्यतिरिक्त कोणाला ते जाणवेल? दुसरा प्रश्न प्रवेशाचा : शेजारी राहणाऱ्यांपैकी कोण येथे येऊ शकत नाही, आणि त्यामागे जात, भाषा, वर्ग यांपैकी काय आहे? या दोन प्रश्नांची उत्तरे मंडळीबाहेरच्यांकडूनही घ्यावी लागतील. त्यानंतरच नेतृत्व, उपासना, रचना यांविषयीच्या प्रश्नावलीला अर्थ प्राप्त होतो.

समारोप

अशा चौकशीअंती काही मंडळ्या बंद करण्याचा निर्णय होईल, आणि तोही प्रामाणिक असू शकेल. मात्र कमी उपस्थितीमुळे घेतलेला निर्णय आणि प्रयोजन पूर्ण झाले वा संपले म्हणून घेतलेला निर्णय यांत मूलभूत अंतर आहे. भारतातील अनुभवातून एकाने वाढीचा हिशेब मागण्याचे धैर्य दिले, तर दुसऱ्याने त्या हिशेबाच्या मर्यादा दाखविल्या. घटत्या मंडळीला दोघांचीही गरज आहे. परंतु आत्मपरीक्षणाचा आरंभ दुसऱ्याच्या प्रश्नापासून व्हावयास हवा. मंडळी कोणासाठी आहे हे एकदा निश्चित झाले, की ती केवढी असावी हा प्रश्न आपल्या योग्य जागी येतो.