मामाच्या गावातली आई

'मामाचं गाव' हे दोन शब्द एकदा सावकाश उच्चारून बघा. त्या गावात आई जन्मली, तिथल्या अंगणात रांगली, तिथल्या शाळेत पाटी घेऊन गेली. तरी पोरांच्या तोंडी ते गाव मामाचं. आजोबा हयात असले तरीही मामाचंच. 'आजोळ' असा सुरेख शब्द मराठीत आहे, पण सुट्टी लागली की तो मागे पडतो. आणि 'आईचं गाव' असं तर कुणी म्हणतच नाही.

ग. दि. माडगूळकरांच्या 'झुकझुक झुकझुक अगीनगाडी' या गाण्याने हा पत्ता कायमचा पक्का केला. गाण्यात तालेवार मामा आहे आणि सुगरण मामी आहे. मामीला मात्र 'मामी' म्हटलेलं नाही, मामाची बायको म्हटलं आहे. ती दारात आलेल्या पोरांकडे बघून ही कुठली, असं विचारते आणि उत्तर म्हणून पोरं आपापली नावं सांगायला निघतात. 'आम्ही तुमच्या नणंदेची' हे सरळ उत्तर कुणाला सुचत नाही. गाण्यात आई कुठेच नाही. गाडीत ती शेजारी बसली असेल, मांडीवर धाकटं झोपलं असेल, डब्यातल्या दशम्या तिनेच केल्या असतील. पण गाणं खिडकीतून बाहेर बघतं.

बालगीतावर एवढं ओझं कशाला, असं कुणी म्हणेल. गाणं गोड आहेच. पण आपल्याकडची बहुतेक 'सुट्टी' याच खिडकीतून लिहिली गेली आहे. आणि मूल खिडकीतून बघतं यात काही चूक नाही. पन्नाशीला आलेला लेखक बालपणावर लिहायला बसतो आणि तेव्हाही डब्यात वळून बघत नाही, माझी तक्रार त्याच्याबद्दल आहे.

डब्यात काय चाललेलं असतं, ते भंडारा जिल्ह्यातल्या शहापूरमध्ये मे महिन्यात बघता येतं. शहापूर नागपूर-भंडारा महामार्गावर आहे. शेजारी जवाहरनगरची आयुध निर्माणी, गावात इंजिनिअरिंग कॉलेज, आजूबाजूला धानाची शेतं. उन्हामुळे विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, उरलेल्या महाराष्ट्रात त्या जूनच्या मध्यावरच भरतात. म्हणजे इथल्या आईच्या वाट्याला सुट्टीचे काही दिवस जास्तीचे येतात, तेही वर्षातल्या सगळ्यात तापलेल्या दिवसांना जोडून. सकाळी दहा-अकराला दारं-खिडक्या बंद होतात आणि दोन-तीन पोरं एका कूलरच्या खोलीत कोंडली जातात. कूलर सुरू ठेवायचा तर त्यात पाणी हवं. त्यासाठी बादल्या भरून नेणं हे एक स्वतंत्र काम, आणि मला आठवतंय तिथवर कुठल्याही मराठी कथेत ते आलेलं नाही. कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजत घालायचे, वाटून चीक काढायचा, तो शिजवायचा आणि उन्हं चढण्याआधी कुरडया घालून मोकळं व्हायचं. म्हणजे पोरांच्या सुट्टीत आईची पहाट आणखी लवकर होते. कणकेची बारीक वळी काडीभोवती गुंडाळून सरगुंडे करायचे, कारण आंब्याच्या रसासोबत ते हवेतच. ज्यांची उन्हाळी धानाची कापणी आहे त्या बाया रानात जातात. जिल्ह्याच्या जंगलपट्ट्यात तेंदूपत्त्याचा हंगामही याच दिवसांत येतो. पहाटे पानं तोडून आणायची, दुपारी बसून त्यांचे पुडे बांधायचे, आणि त्या कामाला पोरांचे हातही लागतात.

मराठीतल्या गाजलेल्या बालनायकांना आई अडचणीची वाटते. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे मूळचा फुरसुंगीचा, पण राहतो पुण्यात विद्याभवनाच्या वसतिगृहात. आई घरात असती तर 'कुठे निघालास, जेवून जा' इथेच निम्मी साहसं संपली असती. हा हिशेब मला पटतो. साहसकथेला मोकळं पोरगं लागतं. प्रकाश नारायण संतांचा लंपन वेगळा. 'वनवास'पासून पुढच्या पुस्तकांत तो आई-वडील आणि भावंडांपासून दूर, आजी-आजोबांकडे वाढतो. तिथे आई नसणं हाच मजकूर आहे. संतांनी ती पोकळी इतक्या हळुवारपणे भरली आहे की 2024 मध्ये आलेली वेबमालिका बघून पुस्तकाकडे वळलेल्यांनाही ती जाणवते. पण लंपनच्या मनातली आई ही एक ओढ आहे. तिचा दिवस कसा जातो, हे त्याला ठाऊक नाही, म्हणून आपल्यालाही नाही.

'श्यामची आई'चं प्रकरण गुंतागुंतीचं आहे. साने गुरुजींनी ते 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. बेचाळीस रात्रींची गोष्ट, आणि प्रत्येक रात्री आई कामात. मराठीत इतकं राबताना दुसऱ्या कुठल्या आईला दाखवलं असेल? पण प्रत्येक कामाच्या शेवटी श्यामला एक शिकवण मिळते. पात्राला दिलेलं पाणी झाडाला मिळावं तशी आईची मेहनत संस्काराला मिळते, आणि ती दमली का हा प्रश्न मागे राहतो. तरी या पुस्तकात एक जागा अशी आहे जिथे गुरुजी डब्यात वळून बघतात. 'पर्णकुटी' या प्रकरणात वेगळं निघाल्यावर हे कुटुंब आईच्या माहेरी राहतं. म्हणजे श्यामच्या दृष्टीने आजोळीच, सुट्टीचंच घर. आणि तिथे आईला सुख नाही. बापाच्या घरी आश्रितासारखं राहणं तिला टोचतं. झोपडी चालेल, पण स्वतःची असू दे, असा तिचा हट्ट आहे. जे घर मुलाला हक्काचं वाटतं, त्याच घरात त्याची आई पाहुणी असते. आपल्या शालेय पाठांनी आईच्या मायेची प्रकरणं उचलली, म्हणून 'श्यामची आई' म्हटलं की आपल्याला पायाला माती लागू नये म्हणून धडपडणारा श्याम आठवतो. 'पर्णकुटी' मात्र पटकन आठवत नाही.

10 नोव्हेंबर 2023 ला, ऐन दिवाळीच्या सुट्टीत, दोन मराठी चित्रपट एकाच दिवशी लागले: सुजय डहाकेंचा 'श्यामची आई' आणि सुधाकर रेड्डी यक्कंटींचा 'नाळ भाग 2'. दोन्ही आईवरचे. मला इथे बोलायचंय ते 2018 च्या पहिल्या 'नाळ'बद्दल, कारण तो विदर्भातल्या खेड्यात घडतो आणि त्यातली आई सतत हालचालीत आहे. यक्कंटी मूळचे छायाचित्रकार, 'सैराट'चा कॅमेरा त्यांचाच. 'नाळ'मध्ये त्यांनी कॅमेरा चैत्याच्या उंचीवर आणून ठेवला. त्यामुळे सुमीचे हात, पदर, चूल, भांडी हे सगळं पडद्यावर जवळून येतं आणि ती मुलाशी बोलते ते काम न थांबवता. खेळायला जाऊ दे म्हणून चैत्याची चाललेली भुणभुण तर 'जाऊ दे न व' या गाण्याने घराघरांत पोहोचवली. पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकांनी त्यातल्या 'व'चं कौतुक केलं. भंडाऱ्याकडच्या घरात तो 'व' दिवसातून शंभरदा ऐकू येतो आणि त्याचं कौतुक करायला कुणाला सवड नसते.

या चित्रपटाला पदार्पणाच्या दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, श्रीनिवास पोकळेला बालकलाकाराचा. दोन्ही योग्यच. पण सुमी ही आपली जन्मदाती नाही, हे चैत्याला कळतं, आणि तिथून चित्रपट पूर्णपणे त्याच्या शोधाचा होतो. कालपर्यंत जी आई जेवण वाढत होती, तिच्या साध्या रागावण्याचाही तो आता अर्थ काढू लागतो. हे फार बारकाईने आलं आहे. पण पोरगं आपल्यापासून का तुटतंय, हे न कळलेल्या बाईच्या बाजूला कॅमेरा एकदाही सबंध प्रसंगभर थांबत नाही. देविका दफ्तरदार ती भीती नुसत्या डोळ्यांनी दाखवतात. पटकथेने त्यांना आणखी जागा द्यायला हवी होती. 'नाळ' मला अतिशय आवडतो, म्हणूनच ही उणीव खटकते. इतक्या जवळ जाऊनही आपण पुन्हा मुलाच्याच मागे धावलो.

आईने स्वतः सुट्टीबद्दल काही म्हटलंच नाही का? म्हटलंय, भरपूर म्हटलंय, फक्त आपण ते लोकगीतांच्या कप्प्यात टाकलं. जात्यावरच्या ओव्या बघा. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांनी गावोगाव फिरून जमवलेल्या एक लाखाहून अधिक ओव्यांचा साठा आता 'पारी'च्या संकेतस्थळावर खुला होतो आहे, फोनवर ऐकताही येतो. या ओव्यांतलं माहेर म्हणजे नुसती आमराई नव्हे. त्यात न्यायला येणाऱ्या भावाची वाट आहे, तो यंदा आला नाही त्याची कारणं आहेत, चोळीचा हिशेब आहे, आणि आई गेल्यावर भावजयीच्या राज्यात माहेर किती उरतं याची धास्ती आहे. मुलाला जी सुट्टी आपोआप 'लागते', ती आईला दरवर्षी मिळवावी लागते. सासरचं मन राखायचं आणि भावजयीचंही सांभाळायचं, तेव्हा कुठे मुलाला मामाचं गाव दिसतं.

बहिणाबाई चौधरींनी हा व्यवहार आणखी उघड केला. आसोद्याची लेक, जळगावात सासर. गाणी पुस्तकरूपाने आली ती त्यांच्या मृत्यूनंतर, 1952 मध्ये. त्यांच्या एका गाण्यात माहेरचं कौतुक गाणाऱ्या सासुरवाशिणीला एक योगी विचारतो, माहेर एवढं प्रिय आहे तर मग सासरी कशाला जातेस? तिचं उत्तर ऐकून आपण भावुक होतो. खरं तर ते उत्तर रोकडं आहे. मी इथे राबले तरच उद्या माझ्या मुलीला यायला एक घर असेल, असा तिचा हिशेब. म्हणजे माहेर नावाची जागा कुणाच्या तरी कष्टातून उभी राहते, आणि ज्या बाईच्या कष्टातून ती राहते तिचं स्वतःचं माहेर दुसरीकडेच असतं. मामाच्या गावातल्या 'मामाच्या बायको'लाही हा नियम लागू आहे. पाहुणी आलेली नणंद आणि तिची पोरं जेवत असताना चुलीपाशी बसलेल्या मामीचं मन तिच्या भावाच्या गावाला लागलेलं असतं. ती पोरांकडे बघून 'ही कुठली' असं विचारते, त्यात थोडा थकवाही असेल.

'मामाचं' हा षष्ठीचा प्रत्यय सातबाऱ्यावरही दिसतो. महाराष्ट्राने 1994 मध्ये मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत सहदायिकाचा हक्क दिला, 2005 मध्ये तो देशभर झाला, 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उरलेल्या शंकाही मिटवल्या. तरी गावोगाव बहिणी हक्कसोड पत्रावर सही करतात. का, असं विचारलं तर बहुतेकींचं उत्तर एकच: येणं-जाणं राहावं. म्हणजे पोरांना दर उन्हाळ्यात आंबे खायला जाता यावं म्हणून आईने मोजलेली ही किंमत. या सहीवर मराठीत एखादी ताकदीची कादंबरी यायला हवी होती. आम्ही विहिरीत पोहायला शिकल्याचे ललितलेख लिहीत राहिलो.

मग आईच्या सुट्टीचा मजकूर कोणत्या घाटात मावेल? मला एक अगदी रूक्ष नमुना आठवतो. केंद्र सरकारच्या वेळ-वापर सर्वेक्षणात माणसाचा दिवस सकाळी 4 ला सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी 4 ला संपतो. अर्ध्या-अर्ध्या तासाचे रकाने, आणि एका रकान्यात एकापेक्षा जास्त कामं नोंदवायची सोय. 2024 च्या सर्वेक्षणात घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या बायकांचे त्यात रोज 289 मिनिटं जात होते, पुरुषांचे 88. आकडा ओळखीचा वाटेल. मला त्या रकान्याचं जास्त अप्रूप वाटतं. एकाच अर्ध्या तासात चीक ढवळणं, धाकट्याला छतावरून खाली बोलावणं आणि थोरल्याचं भांडण सोडवणं एकत्र लिहिता येतं, ही गोष्ट आपल्या कथाकारांच्या आधी सांख्यिकी खात्याला सुचली. आपली कथा एका वेळी एकच गोष्ट सांगते. आईचा दिवस तसा चालत नाही.

थोडं वेगळं काही दिसतंय ते फोनवर. विदर्भातल्या कितीतरी बाया मे महिन्यात सरगुंड्यांचे, कुरडयांचे, लोणच्याचे व्हिडिओ टाकतात. बरेचसे रटाळ, काहींत संगीत कर्कश, 'लाइक करा'ची विनवणी तर अटळ. पण त्यांतले काही मी शेवटपर्यंत बघते, ते रेसिपीसाठी नाही. फोन डब्याला टेकवून ठेवलेला असतो, बाई प्रमाण मराठीत माप सांगत असते, आणि मागून पोराचा आवाज येतो. ती चौकटीबाहेर बघून आपल्या बोलीत त्याला दम देते आणि पुन्हा पहिल्या भाषेत परत येते. काहीजणी तो तुकडा कापून टाकतात, काहीजणी राहू देतात. राहू देणाऱ्या जास्त चांगल्या संपादक आहेत. अशा एका व्हिडिओत बाई माहेरच्या अंगणात बसली होती, शेजारी भावजय, दोघी मिळून खाटेवर शेवया पसरत होत्या. मागे पोरं 'मामा, मामा' करत गाडीवर फेरी मागत होती. तिने कॅमेऱ्याला सांगितलं, "हे माझं गाव आहे," आणि कोरड्या पिठाने पांढरे झालेले हात पुन्हा परातीत घातले.