चुन्याची निवळी

गुऱ्हाळावर आलेल्या पाहुण्याचं लक्ष काकवीकडे आणि गरम गुळाकडे असतं. म्हणून पाक आटत आला की तो काहिलीजवळ सरकतो. पण खरं नाट्य त्याच्या कितीतरी आधी, पहिली उकळी फुटायच्या अलीकडे होऊन गेलेलं असतं. कोल्हापुरी गुळाची तारीफ करायची तर ती तिथून करावी.

घाण्यातून काहिलीत पडणारा रस हिरवट, गढूळ असतो. साखरेच्या जोडीला त्यात माती, चिपाडाचा भुसा, मेण, प्रथिनं, डिंक, रंगद्रव्यं असा बराच गोतावळा असतो. ताज्या रसाचा सामू 5.2 ते 5.5 च्या आसपास, म्हणजे आम्लाकडे झुकलेला. तो तसाच तापवला तर बारीक घाण रसातच अडकून राहते, आणि साखरेचंही नुकसान होतं. आम्ल आणि उष्णता मिळून तिला ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये मोडतात. असा गूळ ढेपेत नीट उभा राहत नाही, पावसाळ्यात ओलावा ओढून पाझरतो.

गूळ शिजवणारा गुळव्या इथं चुन्याची निवळी घालतो. सामू सहाच्या थोडा पुढे सरकतो. रसातलं फॉस्फेट चुन्यातल्या कॅल्शियमला भेटून न विरघळणारे पुंजके धरतं आणि ते पुंजके तरंगत्या कणांना पकडतात. ताप चढतो तशी प्रथिनं साकळतात. मग रानभेंडीचा चिकट रस या सगळ्या विखुरलेल्या ऐवजाला एकत्र बांधतो आणि मळीचा जाड थर वर येतो. तो काढला की खालचा रस नितळ दिसतो. चुना, ताप आणि भेंडी एकमेकांच्या मदतीला वेळेवर येतात. यातलं एक जरी चुकीच्या वेळी आलं, तरी उरलेली दोन फुकट जातात.

मला सगळ्यात जास्त भावतो तो यातला संयम. सामूच्या मापात एक अंक म्हणजे दहापट फरक. निवळी जास्त पडून सामू सातच्या पार गेला, तर मघाशी म्हटलेली ग्लुकोज-फ्रुक्टोज तुटू लागतात, रंग काळवंडतो, चवही बिघडते. थांबायचं कुठं, हे गुळव्या फेसाच्या रंगावरून आणि मळी कशी सुटते त्यावरून ठरवतो. सामू दाखवणारी कागदाची पट्टी स्वस्तात मिळते आणि ती वापरावी, या मताचा मी आहे. पण पट्टी निघण्याच्या कितीतरी आधीपासून ही नजर तयार होती, याचं कौतुक त्यानं कमी होत नाही.

बाजाराची नजर मात्र इतकी सूक्ष्म नाही. शाहू महाराजांनी 1895 मध्ये शाहूपुरीची पेठ वसवली आणि गुळाच्या व्यापाराला घर मिळालं; 2014 मध्ये कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकनही मिळालं. तरी गिऱ्हाईक ढेपेचा पिवळेपणाच बघतं. तो पिवळेपणा हायड्रोसनं, म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइटनं, चटकन आणता येतो. चुना घाण बाहेर काढायला मदत करतो, हायड्रोस नुसता रंग उडवतो आणि गंधकाचा अंश मागे ठेवतो. तांबूस ढेप मागे सारून पिवळीधमक उचलणारा माणूस बहुधा हाच फरक विकत घेतो.

काहिलीतला आम्ल-अल्काचा तोल मुंबईत माहुलच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांनाही सांभाळावा लागतो. जमिनीतून आलेल्या कच्च्या तेलात खारं पाणी, गाळ आणि धातूंचे अंश असतात. गरम तेलात थोडं पाणी मिसळतात, विजेच्या दाबाखाली पाण्याचे थेंब एकत्र येऊन खाली बसतात आणि क्षार घेऊन जातात. हे धुण्याचं पाणी फार अल्कधर्मी झालं, तर तेलातल्या आम्लांचा साबण होतो आणि तेल-पाण्याची फोड होईनाशी होते. म्हणून तिथं कल आम्लाकडे ठेवावा लागतो. कॅल्शियमसारखे हट्टी धातूही त्यामुळे पाण्यात उतरतात. काहिलीत आम्ल कमी करून घाण वेगळी करायची, तिथं आम्लाचीच मदत घ्यायची.

तेलाला एक सोय आहे, ती रसाला नाही. तेल आणि पाणी मुळात मिसळत नाहीत, त्यामुळे मीठ पाण्याबरोबर निघून जातं. उसाचा रस स्वतःच बहुतांशी पाणी. त्यात विरघळलेले सोडियम-पोटॅशियमचे क्षार चुन्याला दाद देत नाहीत, भेंडीलाही नाही. रस आटतो तसे ते उलट दाट होत जातात. शिरोळ तालुक्यातल्या क्षारपड रानातला ऊस काहिलीत पडला, तर मळी कितीही नीट काढली तरी खारटपणा ढेपेत उतरतोच. त्यामुळे चांगला गुळव्या चुन्याच्या भांड्याला हात लावण्याआधी विचारतो, ऊस कुठल्या रानातला?