मॉरिस मायनरच्या पुढच्या दोन डिस्क

जुन्या गाडीचे ड्रम काढून डिस्क बसवल्या की शौकिनांत लगेच दोन तट पडतात. एकाला गाडी बाटली असं वाटतं, तर दुसऱ्याला मालकाला उशिरा का होईना अक्कल आली असं. मला त्या भांडणात रस नाही. असा बदल केलेली गाडी समोर आली की मी वाकून पुढच्या चाकाआड बघतो. काम किती समजून केलंय ते तिथून कळायला लागतं. आणि हे बघायला मॉरिस मायनरइतकी चांगली गाडी दुसरी नाही.

अ‍ॅलेक इसिगोनिस यांची ही इंग्लिश गाडी १९४८ साली लंडनच्या अर्ल्स कोर्टच्या प्रदर्शनात लोकांसमोर आली. आपल्याकडे हिंदुस्तान मोटर्सने तिला ‘बेबी हिंदुस्तान’ म्हणून आणलं. इंग्लंडात ती १९७१ पर्यंत बनत होती. तेवढ्या काळात इंजिनं बदलली, काच बदलली, दिवे बदलले. ब्रेक मात्र चारही चाकांना ड्रमचेच राहिले. १९६२ साली १०९८ सीसीचं इंजिन आलं तेव्हा पुढचे ड्रम सात इंचांवरून आठ इंचांवर गेले, एवढीच काय ती प्रगती.

पण म्हणून ड्रमला नावं ठेवू नयेत. मायनरच्या पुढच्या ड्रममध्ये दोन्ही शू ‘लीडिंग’ असतात. शूचं टोक फिरत्या ड्रमला टेकलं की ड्रमच त्याला आपल्याबरोबर ओढू बघतो आणि शू आणखी रुतून बसतो. दाराखाली पाचर असावी आणि दार ढकलणाऱ्याच्याच जोराने ती घट्ट होत जावी, तसं. पायाचा जोर थोडा आणि लागणारा ब्रेक मोठा. बूस्टर नाही, व्हॅक्यूमची नळी नाही, फिरणाऱ्या चाकाकडूनच चाक थांबवण्याची मदत घेतलेली. गाडी रिव्हर्समध्ये घेतलीत तर हेच शू ‘ट्रेलिंग’ होतात आणि पुढचा ब्रेक बोथट झालेला पायाला कळतो. इतक्या कमी सामानात इतकं काम काढणारी रचना मला आजही सुंदर वाटते.

दोषही तिथूनच येतो. तापल्यावर शूवरच्या लायनिंगची पकड थोडी कमी झाली की ओढ कमी होते, ओढ कमी म्हणून शूचा दाब कमी होतो. पकडीतली घट लहान असते, ब्रेकमधली घट कितीतरी मोठी. शिवाय तापलेला ड्रम फुगून शूपासून लांब जातो आणि पेडल खाली खाली जातं. डिस्क तापली तर जाड होते, म्हणजे पॅडच्या जवळच येते. पाण्याचंही तसंच. डिस्क फिरता फिरता पाणी झटकून टाकते, ड्रम ते आत धरून ठेवतो. एका बाजूचं लायनिंग ओलं आणि दुसरं कोरडं राहिलं तर ब्रेक दाबताच गाडी एका अंगाला खेचते. पावसाळ्यात तुंबलेल्या रस्त्यावरून पद्मिनी बाहेर काढली की थोडं अंतर ब्रेकवर हलका पाय ठेवून ड्रम वाळवायचे, हे मुंबईच्या टॅक्सीवाल्यांना कुणी शिकवावं लागत नसे.

डिस्क काही नवी कल्पना नव्हती. फ्रेडरिक लँचेस्टर यांनी तिचं पेटंट १९०२ सालीच घेतलं होतं. तिचा दबदबा वाढला तो १९५३ च्या ल मॉन्सच्या शर्यतीने. डनलॉपच्या डिस्क लावलेल्या जॅग्वार सी-टाइपमध्ये टोनी रोल्ट आणि डंकन हॅमिल्टन जिंकले, आणि चोवीस तासांची सरासरी तिथे पहिल्यांदाच ताशी १०० मैलांच्या वर गेली.

मायनरला डिस्क लावण्याच्या कामातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट म्हणजे त्या मिळतात घरातल्याच गाडीतून. १९७१ साली आलेल्या मॉरिस मरीनाचं पुढचं सस्पेन्शन मायनरच्याच वळणाचं, टॉर्शन बारचं होतं. त्यामुळे मरीनाच्या डिस्क आणि कॅलिपर थोड्या जुळवाजुळवीने मायनरला बसतात. इंग्लंडात अनेक हौशी मालकांनी हाच मार्ग धरला, विशेषतः १२७५ सीसीचं दांडगं इंजिन घातल्यावर. आता तयार किटही मिळतात. ती नेटकी असतात, पण धाकट्या भावंडाचा भाग थोरल्याला लागावा यातली गंमत त्यांत नाही.

खरी परीक्षा मात्र चाकापाशी नाही, ड्रायव्हरच्या पायाखाली आहे. मायनरचा मास्टर सिलिंडर फ्लोअरखाली, चासीच्या दांड्यात लपवलेला असतो. ऑइल भरायचं तर मॅट उचलून झाकण काढायचं. तो बाहेर काढायला गेलात तर शेजारून जाणारा टॉर्शन बार त्याचे बोल्ट निघू देत नाही. आता बघा. ड्रमच्या नळीत पेडल सोडल्यावरही थोडा दाब, साधारण १० पीएसआय, शिल्लक राहावा लागतो. तो राहावा म्हणून सिलिंडरच्या टोकाला व्हॉल्व्ह असतो. तोच दाब डिस्कला मिळाला तर पॅड सुटत नाहीत, घासत राहतात, आणि चाकं विनाकारण तापतात. बरं, व्हॉल्व्ह काढूनच टाकला तर? हा सिलिंडर कॅलिपरपेक्षा खाली. ऑइल हळूहळू मागे उतरतं आणि उभ्या गाडीत बसून पहिल्यांदा ब्रेक दाबावा तर पाय पोकळ जातो. म्हणून जाणता मेकॅनिक पुढच्या नळीत २ पीएसआयचा वेगळा व्हॉल्व्ह घालतो आणि मागच्या ड्रमसाठी १० चा ठेवतो. चकचकीत कॅलिपर कुणीही दाखवेल. मी हा व्हॉल्व्ह शोधतो.

दुसरी बघण्याजोगी गोष्ट कॅलिपरच्या आत आहे. पिस्टनभोवती चौकोनी छेदाचं रबरी सील असतं. ब्रेक दाबला की ते पिस्टनबरोबर किंचित पिळवटतं, पाय सोडला की पूर्ववत होताना पिस्टनला केसभर मागे घेतं. पॅड झिजलं की पिस्टन त्यातून तेवढा पुढे सरकतो, म्हणून सेटिंग करावं लागत नाही. ड्रमचं तसं नव्हे. चाक जॅकवर घ्या, भोकातून स्क्रू-ड्रायव्हर घाला, चाक अडेपर्यंत अ‍ॅडजस्टर फिरवा, मग एक खाच मागे. पुढच्या प्रत्येक चाकाला असे दोन.

डिस्कला ड्रमसारखी फुकटची ओढ नसते, म्हणून पेडल जड होतं आणि लोक लगेच सर्व्हो, म्हणजे बूस्टर, लावतात. माझं मत वेगळं आहे. जेमतेम पाऊण टनाची गाडी आधी सर्व्होशिवाय चालवून बघावी. पाय जितका दाबाल तितकाच ब्रेक, ना कमी ना जास्त, हा डिस्कचा स्वभाव सर्व्होने थोडा पुसट होतो. पैसे खर्चायचेच असतील तर दुहेरी सर्किटच्या मास्टर सिलिंडरवर खर्चा. मूळ मायनरला एकच सर्किट असतं. एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक गेले, मग हाताशी उरतो हँडब्रेक. डिस्क बसवून हा दोष जात नाही, आणि हे विसरणारे पुष्कळ आहेत.

मागच्या चाकांना डिस्क नकोतच. ब्रेक लागताच वजन पुढे जातं, मागची चाकं हलकी होतात. तिथे जास्त ताकद दिली तर ती आधी लॉक होतात आणि गाडी फिरते. शिवाय हँडब्रेक मागच्या ड्रममध्ये मुकाट्याने आपलं काम करत असतो. चारही बाजूंना डिस्क लावलेली मायनर म्हणजे नुसता दिखावा.

राहिला मूळ रूपाचा प्रश्न. खुद्द इसिगोनिस यांना मायनरचा नमुना अरुंद वाटला, तेव्हा त्यांनी तो उभा कापून चार इंच रुंद केला. बॉनेटच्या मधली पट्टी त्याचीच खूण. तेव्हा या गाडीला हात लावणं पाप आहे असं मी म्हणणार नाही. आपल्याकडे मात्र २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे ५० वर्षांहून जुनी गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवायची तर ती मूळ रूपात असावी लागते. म्हणून बदल असा करा की उद्या उलटवता येईल. कापाकापी नको, वेल्डिंग नको. काढलेले ड्रम, शू आणि बॅकप्लेट भंगारात देऊ नका. ड्रमला आणि बॅकप्लेटला तेलाचा हात लावा, लायनिंगला अजिबात नको. आणि गाडी विकाल तेव्हा हे सगळं डिकीत ठेवून द्या.