‘चूल’ शब्दाचा वाक्यांत उपयोग

शालेय व्याकरणांतील ‘वाक्यांत उपयोग करा’ हा प्रश्न निरुपद्रवी दिसतो. पण त्याच्या उत्तरांची परीक्षा सहसा कोणी करीत नाहीं. ‘चूल’ हा शब्द दिला, कीं विद्यार्थी लिहितो, ‘आमच्या घरीं चूल आहे.’ वाक्य शुद्ध आहे, गुणहि मिळतात. परंतु ‘चूल’ काढून तेथें ‘मांजर’ घातलें तरी वाक्याचें कांहींच बिघडत नाहीं. ज्या वाक्याला त्या शब्दाची गरजच नाहीं, तें त्याचें उदाहरण कसें म्हणावें?

आतां ‘दोघां भावांच्या चुली वेगळ्या झाल्या’ हें वाक्य घ्या. येथें ‘शेगड्या वेगळ्या झाल्या’ असें कोणतीहि मराठी गृहिणी म्हणणार नाहीं. शेगडी उचलून माडीवर नेतां येते. चूल मांडावी लागते, आणि ती मांडली कीं संसार मांडला जातो. म्हणूनच घरांत गॅस आला तेव्हां त्या नव्या उपकरणास शेगडीचें नांव मिळालें. चुलीचें नांव कुटुंबाकडे राहिलें. लग्नाचें ‘चूलबंद’ आमंत्रण तें हेंच: त्या दिवशीं पाहुण्यांच्या घरीं विस्तव पेटावयाचा नाहीं, लहानथोर सर्वांनीं जेवावयास यावें. (अर्थात् चूल निराळी झाली एवढ्यावरूनच मिळकतीची वाटणी झाली, असें न्यायालयें मानीत नाहींत. भाषा कायद्याच्या थोडी पुढें धांवते!)

मोल्सवर्थचा कोश, किंवा १९३२ ते १९३८ या काळांत निघालेला दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ उघडावा. तेथें अर्थापाशींच न थांबतां वाक्प्रचारहि नोंदलेले आढळतात. शाळेंत मात्र अर्थाला एक प्रतिशब्द दिला कीं काम भागलें.

शहाडसारख्या गांवीं एवढ्यानें भागत नाहीं. १९४७ नंतर शेजारच्या उल्हासनगरांत सिंधी निर्वासित वसले; कारखान्यांमुळें हिंदी बोलणारीं कुटुंबेंहि या भागांत आलीं. हिंदी ‘चूल्हा’ पुल्लिंगी, तेव्हां अशा घरचा मुलगा ‘चूल पेटला’ लिहितो. शिक्षक लिंग सुधारून पुढें जातात. सुधारणा योग्य, पण अपुरी. ‘चूल पेटली’ एवढें आलें, तरी ‘त्यांच्या घरीं दोन दिवस चूल पेटली नाहीं’ या वाक्यांतील उपास किंवा सुतक त्याला कळेलच असें नाहीं. मराठी घरच्या मुलाचेंहि फार निराळें नसतें. ‘घरोघरीं मातीच्याच चुली’ ही म्हण त्याला पाठ असते, पण चूल त्यानें पाहिलेली नसते.

अशा वर्गांत हीं वाक्यें फळ्यावर लिहावीं, आणि ‘चूल’ पुसून तेथें ‘शेगडी’ लिहावयास सांगावें. वाक्य कोठें अडतें, तें मुलेंच सांगतील.